मगावरची रेघ म्हणजे तडा नव्हे

भिलाईचं वैशाली नगर असो की पुणे, प्लास्टिकच्या मगावर बारीक उभी रेघ दिसली की गिऱ्हाईक 'चिरलाय' म्हणून तो परत ठेवतं. ती असते पार्टिंग लाइन (साच्याचे दोन भाग मिटतात तिथली खूण). साच्यातल्या मोदकावर उमटते तशीच. तिने मजबुती कमी होत नाही. फ्लॅश (साच्याच्या फटीतून बाहेर येऊन थिजलेला पापुद्रा) मात्र काढावाच लागतो. प्लास्टिकवरचा पात्याने खरवडतात. रबराचे बारीक भाग द्रव नायट्रोजनने गारठवून घुसळले, की कडक झालेला पापुद्रा आपोआप तुटतो. आणि रबराची चकाकी म्हणजे दर्जा नव्हे! त्याचा कडकपणा ड्युरोमीटरने (सुई दाबून मोजणारं उपकरण) तपासतात. म्हणून कुकरची रबरी रिंग घेताना चकाकी न बघता कडेवरून बोट फिरवा. पापुद्रा लागला तर दुसरी मागा.