द्रवातून वायूत : प्रथिनांचे वजन कसे करतात?

रेणूचे द्रव्यमान मोजावयाचे तर तो प्रथम मोकळा होऊन वायुरूपात यावा लागतो आणि त्यावर विद्युत् भार असावा लागतो. कारण द्रव्यमान वर्णपटमापक हे उपकरण केवळ भारित कणांचे, म्हणजे आयनांचेच, मापन करू शकते. लहान रेणूंची सहज वाफ करता येते. प्रथिनांचे मात्र तसे नाही. अंडे उकळले की त्यातील पांढरा बलक घट्ट होतो; आणखी तापविल्यास तो करपतो, पण त्याची वाफ होत नाही. प्रथिनाचा अखंड रेणू वायुरूपात आणणे ही म्हणूनच दीर्घकाळ मोठी अडचण होती.

विद्युत् फवारणीने ती दूर केली. या पद्धतीत विद्राव एका बारीक नळीतून सावकाश सोडतात व तिच्या टोकाला काही हजार व्होल्ट विद्युत् दाब देतात. टोकावरील द्रव शंकूसारखा ताणला जातो आणि त्याच्या अग्रातून भारित थेंबांचा फवारा उडतो. नायट्रोजनच्या कोरड्या प्रवाहात थेंबातील विद्रावकाचे बाष्पीभवन होऊन थेंब आक्रसतो. भार मात्र तेवढाच राहतो. समान भारांचे प्रतिसारण वाढत जाऊन अखेर पृष्ठताणाला थेंब सांधून ठेवता येत नाही. ही मर्यादा लॉर्ड रॅली यांनी १८८२ मध्येच गणिताने दाखविली होती. थेंबातून आणखी लहान थेंब फुटून निघतात आणि हाच क्रम पुनःपुन्हा घडतो. शेवटी विद्रावक संपतो आणि उरलेला भार प्रथिनाच्या रेणूवर राहतो.

माल्कम डोल यांनी १९६८ मध्ये मोठ्या रेणूंवर या मार्गाचा प्रयोग केला होता. येल विद्यापीठातील जॉन फेन यांनी १९८० नंतरच्या दशकात तो प्रथिनांपर्यंत नेला. त्याबद्दल २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला.

या रेणूंवर एकाच वेळी अनेक भार असतात, हेही उपयुक्त ठरले. उपकरण द्रव्यमान व भार यांचे गुणोत्तर मोजते. बलकातील लायसोझाइम या प्रथिनाचे द्रव्यमान सुमारे १४,३०० एकक आहे. त्याला १० प्रोटॉन जोडले गेल्यास गुणोत्तर १,४३१ येते. ११ जोडले गेल्यास १,३०१. म्हणजे प्रचंड रेणूही साधारण उपकरणाच्या आवाक्यात येतो आणि शेजारच्या दोन गुणोत्तरांवरून भार व द्रव्यमान दोन्ही काढता येतात.

आज नवजात अर्भकाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवरून काही जन्मजात चयापचय-विकार याच पद्धतीने ओळखले जातात. फिनाइलकीटोनयूरिया हा त्यांपैकी एक. तो वेळीच कळला, तर योग्य आहाराने बालकाच्या मेंदूची हानी टाळता येते.