व्हॅनचा टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप : बदलायचे केव्हा?

सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत व्हॅन ही आता केवळ सुखवस्तू घरची गाडी राहिलेली नाही. वाडीवस्तीवरची मुले शाळेत पोचवायची, अडलेल्या बाईला दवाखान्यात न्यायचे, डायलिसिसचा रुग्ण आठवड्यातून दोनदा मिरजेला पोचवून परत आणायचा, ही सर्व कामे व्हॅनवरच होतात. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूर किंवा ६ डिसेंबरला दादरची चैत्यभूमी गाठायची, तरी गावातली तीच गाडी निघते. पुष्कळ ठिकाणी ती मंडळाने वर्गणी काढून घेतलेली असते, किंवा एखाद्या तरुणाने कर्ज काढून पोटापाण्यासाठी घेतलेली असते. अशी गाडी खंबाटकी किंवा कुंभार्लीच्या घाटात रात्री बंद पडली, तर आतल्या रुग्णाचे काय, हा खरा प्रश्न आहे.

इंजिन एकाएकी बंद पडण्याच्या कारणांत दोन कारणे अशी आहेत की ती वेळीच टाळता येतात. एक टायमिंग बेल्ट तुटणे आणि दुसरे वॉटर पंप निकामी होणे. हे दोन भाग केव्हा बदलावेत याचा निर्णय कसा घ्यावा, एवढेच आम्ही या लेखात मांडणार आहोत.

बेल्टचे काम काय?

इंजिनात पिस्टन खालीवर होतात व त्यांच्यामुळे क्रँकशाफ्ट फिरतो. सिलिंडरमध्ये हवा घेणारे व धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह कॅमशाफ्टमुळे उघडतात. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा व्हावा लागतो, आणि हा मेळ एका दातानेही चुकून चालत नाही. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो व मिटतो. हा मेळ राखण्याचे काम पूर्वी साखळी किंवा गिअर करीत. जर्मनीतील ग्लास कंपनीने १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांत आपल्या १००४ या मोटारीत दातेरी रबरी पट्टा वापरला. वजनाला हलका, आवाज कमी, तेलाची गरज नाही, म्हणून तो पुढे जगभर रूढ झाला. पट्ट्याच्या आत काचतंतूंचे दोर असतात व वर कृत्रिम रबर असते. म्हणजे तो झिजणारच, हे बनविणाऱ्यांनीही गृहीत धरलेले असते.

पट्टा तुटला की कॅमशाफ्ट जागीच थांबतो, पण गाडी गिअरमध्ये असल्याने क्रँकशाफ्ट आणखी काही फेरे घेतो. काही पेट्रोल इंजिनांत पिस्टन व व्हॉल्व्ह यांच्यात पुरेशी जागा ठेवलेली असते. तिथे गाडी नुसती बंद पडते आणि नवा पट्टा घातला की चालू होते. बहुतेक डिझेल इंजिनांत मात्र ही जागा फारच थोडी असते. तिथे उघडा राहिलेला व्हॉल्व्ह वर येणाऱ्या पिस्टनवर आदळून वाकतो. मग हेड उतरविणे, व्हॉल्व्ह, गाइड, गॅस्केट, प्रसंगी पिस्टन, असे काम वाढत जाते. शिवाय इंजिन बंद पडताच ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत दोनतीन दाबांतच संपते व पॉवर स्टिअरिंग जड होते. उतारावर याचा अर्थ काय होतो, हे चालकाला सांगायला नको.

आधी आपली गाडी ओळखा

सर्वच व्हॅनमध्ये टायमिंग बेल्ट नसतो. १९८४ साली आलेली व २०१९ साली उत्पादन थांबलेली मारुतीची ओम्नी हिच्या ७९६ सी.सी. इंजिनात बेल्ट आहे. २०१० साली आलेल्या ईकोच्या इंजिनात साखळी आहे. मर्सिडीजच्या आराखड्यावर बेतलेले ओएम ६१६ डिझेल इंजिन असलेल्या जुन्या ट्रॅक्स व ट्रॅव्हलर गाड्यांतही साखळीच आहे. टोयोटाची क्वालिस आणि २००५ ची डिझेल इनोव्हा यांत बेल्ट आहे. २०१६ साली आलेल्या क्रिस्टाच्या डिझेल इंजिनात पुन्हा साखळी आली. निसानची इव्हालिया व रेनॉची लॉजी यांच्या १.५ लिटर डिझेल इंजिनात बेल्ट तर आहेच, पण वॉटर पंपही त्याच बेल्टवर फिरतो.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. ओम्नी किंवा क्वालिसमध्ये पंप बाहेरच्या पट्ट्यावर फिरतो. तिथे पंप अडकला तर बाहेरचा पट्टा घसरेल किंवा तुटेल आणि इंजिन तापू लागेल. परंतु जिथे पंप टायमिंग बेल्टवर आहे, तिथे पंपाचे बेअरिंग अडकले की चांगला बेल्टही तुटतो किंवा दाते सोडतो. म्हणून आपल्या इंजिनात बेल्ट आहे की साखळी, आणि पंप कशावर फिरतो, हे दोन प्रश्न गाडीच्या पुस्तिकेवरून किंवा जाणत्या फिटरकडून प्रथम सोडवून घ्यावेत. साखळीवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. वेळेवर ऑईल न बदलल्यास साखळी व तिचा टेन्शनर झिजतो, आणि सकाळी गाडी चालू करताना खडखड ऐकू येते.

पंप सूचना देतो, बेल्ट देईलच असे नाही

वॉटर पंप बहुधा सांगून जातो. त्याच्या अंगावर एक बारीक छिद्र ठेवलेले असते. आतले सील झिजले की त्यातून थेंब पडू लागतात किंवा कूलंट वाळून पांढरा, हिरवा अथवा गुलाबी खर साचतो. बेअरिंग गेले की घरघर येते व पुली हाताने हलविल्यास डुगडुगते. कूलंट वारंवार कमी होते, चढाला तापमानाचा काटा वर सरकतो. यांपैकी एकही लक्षण दिसले तर किलोमीटर न पाहता पंप बदलावा.

टायमिंग बेल्टचे तसे नाही. तो कव्हराच्या आत असतो. कव्हर काढून पाहिल्यावर भेगा, उसवलेल्या कडा, गुळगुळीत झालेले दाते किंवा तेलाचा ओलावा दिसला तर तो तत्काळ बदलावा हे खरे. पण वरून चांगला दिसणारा पट्टा आतल्या दोरांनी थकलेला असू शकतो. म्हणून “अजून चांगला आहे, चालेल” हे पाहून देता येणारे प्रमाणपत्र नव्हे. बेल्टचा निर्णय डोळ्यांनी नव्हे तर वहीने करावयाचा असतो.

वहीचा हिशेब

कंपन्या आपल्या पुस्तिकेत बेल्टची मुदत देतात. इंजिनानुसार ती सर्वसाधारणपणे ६०,००० ते १,५०,००० कि.मी. या दरम्यान असते, आणि अनेकदा सोबत वर्षेही दिलेली असतात. त्यांपैकी जे आधी पूर्ण होईल ते धरावयाचे. उदाहरणार्थ, समजा एका गाडीची मुदत १,००,००० कि.मी. किंवा ६ वर्षे आहे. कराडकडची एक व्हॅन डायलिसिसच्या रुग्णाला घेऊन आठवड्यातून दोनदा मिरजेला जाते, आणि जाऊन येऊन एका फेरीला १६० कि.मी. पडतात. वर्षाचे झाले १६,६४० कि.मी. व सहा वर्षांचे ९९,८४०. त्याच कंपनीची दुसरी व्हॅन शाळेची मुले नेते. दिवसाला ३० कि.मी. प्रमाणे वर्षाचे २२० दिवस, म्हणजे ६,६०० कि.मी. सहा वर्षांत ती ३९,६०० कि.मी. चालली. दुसऱ्या गाडीचा मालक म्हणेल, “गाडी अजून चाळीस हजारही झाली नाही.” पण रबराला वयही लागते. या दोन्ही गाड्यांचा बेल्ट एकाच वर्षी बदलावयास हवा.

त्यातही आपल्या भागाचे रस्ते ध्यानी घेतले पाहिजेत. पसरणी, आंबेनळी, कुंभार्लीसारख्या घाटांत गाडी खालच्या गिअरमध्ये चढते, तेव्हा किलोमीटर थोडे पण इंजिनाचे फेरे पुष्कळ होतात. गळीत हंगामात साखर कारखान्याच्या वाटेवर उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी रांगते, त्या वेळी किलोमीटरचा आकडा हलत नाही, पण बेल्ट फिरतच असतो. माण, खटाव, जत, आटपाडीकडे धूळ व ऊन आहे. अशा गाड्यांनी पुस्तिकेतील खडतर वापराची मुदत पाळावी, व ती दिलेली नसेल तर नेहमीच्या मुदतीची वाट न पाहता थोडे आधीच काम करून घ्यावे.

पाण्याचाही विचार हवा. रेडिएटरमध्ये बोअरचे क्षारयुक्त पाणी ओतण्याची सवय पंपाच्या मुळावर येते. क्षाराचा थर आतून साचतो, त्याचे कण सील खरवडतात व लोखंड गंजते. पुस्तिकेत सांगितलेले कूलंट शुद्ध, क्षारविरहित पाण्यात मिसळून वापरावे. तसेच २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरात कृष्णाकाठच्या कितीतरी गाड्या पाण्यात राहिल्या. पुरात बुडालेली गाडी वापरात ठेवणाऱ्याने बेल्टचे कव्हर उघडून गाळ, टेन्शनर व पंपाचे बेअरिंग तपासून घेतलेच पाहिजे.

जुनी गाडी घेतली आणि बेल्ट केव्हा बदलला याची पावती मिळाली नाही, तर तो बदललाच नाही असे समजून नवा घालावा, व त्या दिवसापासून वही सुरू करावी.

दोन्ही एकदम का?

ज्या इंजिनात पंप टायमिंग बेल्टवर फिरतो किंवा पंप काढण्यासाठी हा बेल्ट उतरवावा लागतो, तिथे मजुरीचा मोठा भाग उघडण्या-बसविण्याचाच असतो. आज फक्त बेल्ट घातला आणि वर्षभराने पंप गळू लागला, तर तीच मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते, आणि कूलंटने भिजलेला वर्षाचा बेल्टही टाकावा लागतो. सबब अशा गाडीत बेल्ट, टेन्शनर, आयडलर व पंप एकाच वेळी बदलणे हेच काटकसरीचे. कॅम व क्रँकची ऑईल सीले गळत असतील तर तीही तेव्हाच बदलावीत. जिथे पंप स्वतंत्र आहे व बेल्टला हात न लावता निघतो, तिथे चांगला पंप उगाच काढण्याचे कारण नाही. तो नीट तपासावा, एवढे पुरे.

काम करून घेताना सामान खात्रीच्या दुकानातून पावतीसह घ्यावे. खुणा जुळविल्यावर फिटरने इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात का हे पाहिले पाहिजे. कूलंट भरताना आतली हवा काढून टाकावी. जुने भाग मागून घ्यावेत. तारीख व किलोमीटर वहीत लिहावेत आणि एक चिठ्ठी बॉनेटखाली किंवा दाराच्या कडेला चिकटवावी. चालकाला दोन गोष्टी बजावून ठेवाव्यात. धावती गाडी अचानक बंद पडली व बेल्टची शंका आली, तर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नये, कारण त्याने नुकसान वाढते. आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये.

मंडळाच्या गाडीचा निर्णय एकट्या चालकावर सोडू नये. तो खर्चाला भितो, आणि पैसे मागायला संकोचतो. वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर व लांबच्या प्रवासाआधी, बैठकीत ही वही वाचावी. मुदत जवळ आली असेल तर दरमहा थोडी रक्कम बाजूला काढावी. गाडी फार जुनी झाली असेल आणि हा खर्च पेलत नसेल, तर ती विकण्याचा ठराव करावा. पण मुदत संपलेल्या बेल्टवर रुग्ण व मुले बसवून ती चालवू नये. वर्गणीच्या पैशाची काळजी आणि माणसांच्या जिवाची काळजी या ठिकाणी एकाच वहीत लिहिलेली असते, हे कार्यकर्त्यांनी ओळखावे, अशी आमची विनंती आहे.