हळदीचं पेव आणि पुस्तकांचं कपाट

सांगलीला लागून असलेल्या हरिपुरात हळदीची पेवं आहेत. वरून बघावं तर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, आत मात्र रांजणासारखं फुगलेलं पोट आणि त्यात पोत्यांच्या हिशेबानं हळद. तोंड बंद करून वर माती लोटली की वर्षानुवर्षं तिला कीड लागत नाही. वीज नाही, औषध नाही. जमिनीखाली काही मीटर गेलं की उन्हाळा-हिवाळा पोचत नाही. तिथलं तापमान त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरीपाशी येऊन थांबतं. शिवाय बंद पेवातला प्राणवायू हळूहळू संपत जातो आणि किडीचा जीव गुदमरतो. पेव उघडल्या उघडल्या आत उतरायचं नाही, हा नियम त्याच कारणानं.

परदेशातली मोठी ग्रंथालयं किडलेली पुस्तकं हवाबंद पिशवीत घालतात, आतला प्राणवायू एक टक्क्याच्या खाली आणतात आणि काही आठवडे तशीच ठेवून देतात. हरिपूरकरांना यात नवल वाटू नये. जर्मनीतल्या कोलोन शहरानं १९७१ साली आपला दप्तरखानाही पेवासारखाच, आतलं हवामान आपोआप स्थिर राहील असा बांधला. जाड विटांच्या भिंती, बारीक खिडक्या, वातानुकूलन जवळपास नाहीच. अभिलेखागारांच्या जगात त्याला 'कोलोन मॉडेल' म्हणतात. (ती इमारत २००९ साली शेजारच्या मेट्रोच्या खोदकामामुळं कोसळली. भिंतींच्या शास्त्राचा त्यात दोष नव्हता.)

पेवांचीही गोष्ट सुखान्त नाही. २००५ च्या महापुरात कृष्णेचं पाणी हरिपुरात शिरलं आणि बरीचशी पेवं निकामी झाली.

विजेविना जपायचा पेवाचा धडा आपल्या वाचनालयांत मात्र कुणाला आठवत नाही. ग्रंथालय पर्यावरणस्नेही करायचं म्हटलं की बैठकीत पहिला ठराव छतावरच्या सौर पॅनेलचा होतो, दुसरा एलईडी दिव्यांचा. दोन्ही चांगलेच. पण हिशेब मांडून बघू. तालुक्याच्या वाचनालयात १० पंखे आहेत, रोज ८ तास आणि वर्षाचे ३०० दिवस फिरतात. जुना पंखा ७५ वॅटचा, म्हणजे वर्षाला १८०० युनिट. त्या जागी ३० वॅटचे नवे पंखे लावले तर ७२० युनिट. वाचले १०८०. आपल्याकडं अजून बहुतेक वीज कोळशाची, त्यामुळं एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे वर्षाकाठी साडेसातशे किलोंची बचत.

आता दुसरी बाजू. कागद, छपाई, बांधणी, वाहतूक असं सगळं धरलं तर एका मध्यम पुस्तकामागे ढोबळ मानानं किलोभर कार्बन डायऑक्साइड आधीच खर्च झालेला असतो. त्यातला काही कार्बन पुस्तकातच कोंडलेला आहे. कागद म्हणजे मुख्यतः सेल्युलोज, आणि सेल्युलोजच्या वजनात ४४ टक्के कार्बन. झाडानं हवेतून ओढलेला तो कार्बन पुस्तक कपाटात आहे तोवर कैदेत. पुस्तक कुजलं की सुटला, आणि कचरा डेपोच्या ढिगाऱ्यात हवेविना कुजलं तर मिथेन होऊन सुटला. म्हणजे साडेसातशे पुस्तकं सडली आणि तेवढीच नवी आणावी लागली, की पंख्यांची वर्षभराची कमाई गेली. जुनी पुस्तकं तर पुन्हा छापलीच जात नाहीत. तिथं कार्बन वाचला म्हणून आनंद मानायचा असेल तर गोष्ट वेगळी.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. सांगली नगर वाचनालयासारख्या जुन्या संस्थेत पाणी शिरलं आणि हजारो पुस्तकं भिजली. अशा वेळी किती पंखे कुठल्या वॅटचे, हा प्रश्न कुणाला सुचणार?

भिजलेलं पुस्तक हातात घेतलंय कधी? आमच्या घरी एका पावसाळ्यात गळक्या भिंतीला टेकलेलं लोखंडी कपाट उघडलं आणि खालच्या फळीवरच्या कादंबऱ्या आणि दिवाळी अंक बाहेर काढले. कादंबऱ्या फुगल्या होत्या, पाठ सोडून फाकल्या होत्या, पण पानं सुटत होती. दिवाळी अंकांतली गुळगुळीत रंगीत पानं मात्र वीटच झाली होती. त्या कागदावर चिनी मातीचा आणि डिंकासारख्या चिकट द्रव्याचा लेप असतो. तो ओला असताना पानं वेगळी होतात; एकदा एकमेकांना धरून वाळला की संपलं. सुरी घातली तर चित्र एका पानावरून उठून दुसऱ्यावर गेलं. भिंत बाहेरची, कपाट तिला चिकटून, मागं हवा खेळायला दोन बोटं जागा नाही. चूक माझीच.

बुरशीचं गणित घड्याळाचं असतं. तिचे बीजाणू प्रत्येक पुस्तकात असतातच, फक्त झोपलेले. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या पुढं बराच काळ राहिली की ते जागे होतात, आणि पुस्तक चिंब झालं असेल तर दोन दिवसांत कामाला लागतात. पूर आठवडाभर, पुस्तकं हजारो, माणसं चार आणि बाहेर पाऊस. पान पान वेगळं करून वाळवायचं कसं?

उत्तर आहे: वाळवायचंच नाही, आधी गोठवायचं. उणे १८ अंशांखाली बुरशी थांबते, शाई पसरत नाही आणि गठ्ठा कितीही महिने वाट बघू शकतो. १९६६ साली इटलीत आर्नो नदीला पूर आला आणि फ्लोरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयातली लाखो पुस्तकं चिखलात गेली, तेव्हा गोठवायची ही रीत रुळलेली नव्हती. तिथल्या लोकांनी पुस्तकं जवळपासच्या तंबाखू सुकवायच्या भट्ट्यांत नेली. गावात जे सुकवायचं साधन होतं, ते वापरलं.

सांगली-तासगावकडं सुकवायचं साधन कोणतं, हे मराठी वाचकाला सांगायला नको. बेदाण्याच्या शेडवर एकावर एक जाळ्यांचे थर असतात. द्राक्षं उन्हात टाकत नाहीत, सावलीत वाऱ्यावर सुकवतात. पुस्तकालाही नेमकं तेच लागतं, कारण उन्हात वाळलेला कागद पिवळा आणि ठिसूळ होतो. बेदाण्याचा हंगाम जानेवारी ते एप्रिलचा. पूर येतो ऑगस्टमध्ये, तेव्हा शेड रिकाम्या असतात. पण ऑगस्टची हवा ओली, तिच्यात पुस्तक काय सुकणार? तेव्हा आधी आइस्क्रीमवाल्यांची किंवा दूध संघांची उणे तापमानाची गोदामं, जिथं पावसाळ्यात मागणी तशीही मंद असते. मग दिवाळीनंतर कोरडा वारा सुटला की गठ्ठे थोडे थोडे बाहेर काढून जाळीवर. बेदाण्याची शीतगृहं चार-पाच अंशांची, ती गोठवत नाहीत. पण बुरशीला दोन दिवसांऐवजी बराच उशीर करायला लावतात, तेवढी उसंतही मोलाची. यासाठी नवी इमारत, नवं यंत्र काही लागत नाही. पूर यायच्या आधी, कोरड्या मे महिन्यात, दोन-चार ठिकाणी जाऊन बोलणी करून ठेवावी लागतात.

पुराचं हे पाणी येतं कुठून, तेही बघायला हवं. कृष्णा उगम पावते महाबळेश्वरला, आणि त्याच डोंगरावर, पाचगणीजवळ, भिलार आहे. ४ मे २०१७ रोजी ते 'पुस्तकांचं गाव' झालं. सुरुवातीला पंचवीस ठिकाणं आणि पंधरा हजारांच्या आसपास पुस्तकं. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून सुचलेली कल्पना. मला त्यातली पर्यावरणाची बाजू आवडते ती अशी, की ग्रंथालयासाठी इमारत बांधलीच नाही. घरांच्या पडव्या, ओसऱ्या, देवळं, शाळा यांतच कपाटं मांडली. जगातल्या कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के आहे. न ओतलेल्या स्लॅबइतका हिरवा स्लॅब दुसरा नाही.

मात्र महाबळेश्वरच्या पठारावर वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथं पुस्तकाचं वैर पुराशी नाही, धुक्याशी आहे. त्याच सातारा जिल्ह्यात पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर माण तालुका, तिथं कसाबसा पाचशे मिलिमीटर. एकाच जिल्ह्याच्या वाचनालयांना एकच परिपत्रक लावायचं म्हणजे कांद्याला आणि स्ट्रॉबेरीला एकच खत घालण्यासारखं. भिलारला पावसाळ्यात पुस्तकं बंद कपाटात गच्च भरून ठेवणं बरं. कागद स्वतःच ओलावा शोषतो आणि सोडतो, म्हणून गच्च भरलेल्या कपाटातली हवा बाहेरच्या हवेइतकी झपाट्यानं पालटत नाही. माणमध्ये ओलावा नाही, पण धूळ, वाळवी आणि ऊन आहे. तिथं भर खिडकीवर हवा.

आणि खिडकी कुठल्या बाजूला? उत्तरेची, असं पुस्तकात लिहिलेलं असतं, कारण उत्तरेकडून थेट ऊन येत नाही. ते युरोपातल्या पुस्तकात. आपण विषुववृत्तापासून जेमतेम सतरा अंशांवर. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत इथं भरदुपारचा सूर्यसुद्धा किंचित उत्तरेला असतो. तेव्हा उत्तरेच्या खिडकीलाही छज्जा हवाच.

किडीसाठी आपल्याकडं पोथ्यांच्या रुमालात वेखंड आणि कडुनिंबाचा पाला ठेवायची रीत. डांबरगोळ्यांपेक्षा ती वाचकाच्या फुप्फुसांना बरी. ओव्यातलं थायमॉल तर पाश्चात्त्य ग्रंथालयांनीही बुरशीवर कित्येक वर्षं वापरलं. वेखंडाच्या बाबतीत एवढंच, की त्याची पुरचुंडी दर पावसाळ्यापूर्वी बदलायला हवी; वास उडाला की ती नुसती काडी.

राहता राहिली फळी. सांगली, मिरज, वाळवा, पलूस इथल्या नदीकाठच्या वाचनालयांत २०१९ च्या पाण्याची रेघ कुठवर आली होती, हे गावातल्या कुणालाही विचारलं तर हात उंचावून दाखवतील. ती रेघ रंगानं भिंतीवर काढावी. तिच्या खालच्या फळ्यांवर रोजची वर्तमानपत्रं, स्पर्धा परीक्षांची दरवर्षी नवी निघणारी पुस्तकं. जी पुन्हा मिळणार नाहीत, ती वर. आणि शिडी भक्कम हवी. ग्रंथपाल बाई बहुधा एकट्याच असतात.