बर्फाखालचा अग्नी

आइसलँडची राजधानी रेक्याविक मागे पडली, की दोन-तीन तासांत मनुष्यवस्तीच्या खुणा विरळ होऊ लागतात. जलविद्युत प्रकल्पांपर्यंत डांबरी रस्ता साथ देतो. पुढे उरते ते काळ्या वाळूचे आणि थिजलेल्या लाव्ह्याचे उच्च पठार. सह्याद्री पाहिलेल्या प्रवाशाला तो काळा पाषाण ओळखीचा वाटावा, कारण दोन्हीकडचा खडक बेसाल्टच आहे. मात्र येथे त्यावर माती धरलेली नाही. गाव नाही, झाड नाही, दुकान तर नाहीच. शिधा, इंधन आणि उबदार कपडे पहिल्या दिवसापासून सोबत असावे लागतात. पठारावरील वाटा हिवाळाभर बंद असतात आणि पुष्कळशा जूनअखेरीस किंवा जुलैत खुल्या होतात. अनेक प्रवाहांवर पूल नाहीत. तेथे वाहन पाण्यातूनच न्यावे लागते.

या पठाराच्या कडेला व्हात्नायोकुल सुरू होते. युरोपातील सर्वांत मोठ्या हिमावरणांत त्याची गणना होते. क्षेत्रफळ सुमारे ७,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या जवळजवळ निम्मे. बर्फाची सरासरी जाडी सुमारे ४०० मीटर. त्याच्या पोटात एकाहून अधिक ज्वालामुखी आहेत, आणि त्यांतील सर्वाधिक वेळा जागा होणारा म्हणजे ग्रिम्सव्होत्न.

तेथे जाणे हे सहलीचे काम नव्हे. १९५० मध्ये स्थापन झालेल्या आइसलँडच्या हिमनदी संशोधन संस्थेचे सदस्य आणि शास्त्रज्ञ दरवर्षी जूनच्या सुमारास मोजमापांसाठी ही वाट धरतात. पश्चिमेकडील योकुलहेइमार या निवाऱ्यापासून बर्फावरची चाल सुरू होते. रुंद टायरमधील हवा जवळजवळ संपेपर्यंत काढली जाते. त्यामुळे टायर पसरतो आणि वाहन भुसभुशीत हिमात रुतत नाही. धुके उतरले की आकाश आणि जमीन यांतला भेदच नाहीसा होतो. मग डोळ्यांचा उपयोग संपतो. पूर्वी नोंदलेली सुरक्षित रेषा उपग्रहयंत्राच्या पडद्यावर पाहत वाहन पुढे सरकते. त्या रेषेपासून दूर कोठे बर्फाला खोल भेग असेल, हे वरून दिसत नाही.

१,७०० मीटरहून अधिक उंचीच्या ग्रिम्सफ्याल शिखरावर १९५७ पासून एक छोटे निवासगृह उभे आहे. चोहीकडे हिम आणि आत मात्र ऊब, कारण जमिनीतून निघणारी वाफ नळ्यांनी घरात आणलेली आहे. त्याच वाफेवर स्नानगृहही चालते. दिवसभर गारठलेला माणूस येथे ज्या उष्णतेने सुखावतो, तीच उष्णता कड्याखाली निराळे काम करीत असते.

कड्याखाली कढईसारखा विस्तीर्ण खोलगट भाग आहे. ज्वालामुखीच्या उष्णतेने तळाचा बर्फ अखंड वितळतो, परंतु भोवतालच्या जाड बर्फाचा बांध त्या पाण्याला बाहेर पडू देत नाही. बर्फाच्या झाकणाखाली सरोवर भरत राहते आणि झाकण हळूहळू वर उचलले जाते. एका मर्यादेनंतर पाणी बांधाखालून वाट काढते आणि सुमारे ५० किलोमीटर बर्फाखालून धावत दक्षिणेच्या वाळवंटी मैदानावर फुटते. आइसलँडच्या भाषेत या पुराला स्वतंत्र शब्द आहे, योकुलह्लाउप, म्हणजे हिमनदीची धाव.

३० सप्टेंबर १९९६ रोजी ग्रिम्सव्होत्नच्या उत्तरेस बर्फाखाली उद्रेक झाला. दोन दिवसांत त्याने शेकडो मीटर जाडीचा बर्फ भेदला आणि दोन आठवड्यांत तो शमलाही. पण वितळलेले पाणी बाहेर आलेच नाही. ते बर्फाखालून सरोवरात जमा होत होते. किनाऱ्यालगतच्या मैदानावरून देशाचा मुख्य वर्तुळमार्ग जातो. तेथील पुलांकडे सारा देश महिनाभर डोळे लावून बसला. हिशेब मांडलेला होता, देणे किती तेही ठाऊक होते. तारीख तेवढी माहीत नव्हती. ५ नोव्हेंबरला पाणी आले. परमोच्च क्षणी प्रवाह सेकंदाला सुमारे ५० हजार घनमीटर होता. शेकडो टनांचे हिमखंड वाहत आले, ३७६ मीटर लांबीचा एक पूल पूर्ण वाहून गेला आणि जवळजवळ ९०० मीटरच्या दुसऱ्याचा काही भाग तुटला. एकाही माणसाचा जीव गेला नाही.

हा मार्ग १९७४ मध्येच पूर्ण झाला होता. तो तुटताच आग्नेयेकडील मासेमारी बंदर होफ्न येथून राजधानीकडे जाणाऱ्या मालाला उत्तरेकडून वळसा, म्हणजे जवळपास दुप्पट अंतर. सुमारे तीन आठवड्यांत तात्पुरता रस्ता सुरू झाला. नुकसान गृहीत धरूनच व्यवहार चालविण्याची या देशाला सवय आहे. १९७५ पासून तेथे नैसर्गिक आपत्तींसाठी इमारतींचा विमा सक्तीचा आहे.

सारीच वेळ इतकी सौम्य नव्हती. याच ज्वालामुखी-व्यवस्थेतील लाकी येथे १७८३ च्या जूनमध्ये जमीन २७ किलोमीटर फाटली आणि आठ महिने धुमसत राहिली. विषारी झालेल्या गवताने मेंढरे आणि गुरे मेली, मागोमाग दुष्काळ आला आणि देशाची सुमारे पाचवा हिस्सा प्रजा गेली. २०११ च्या मे महिन्यात ग्रिम्सव्होत्न पुन्हा उसळला, तो ऐन मेंढ्यांच्या विण्याच्या हंगामात. दक्षिणेकडील शेतांवर भरदिवसा राखेचा काळोख पसरला आणि शेतकरी कोकरे आडोशाला नेण्यासाठी धावले.

उष्णता खालून येते, तशी आता वरूनही येत आहे. हिमावरण मागे हटत असल्याने २००९ मध्ये स्केयदारा नदीने पात्र बदलले आणि ती शेजारच्या नदीला जाऊन मिळाली. १९९६ चा तो लांब पूल दुरुस्त झाला खरा, पण त्याच्याखालची नदीच गेली. २०१७ मध्ये जवळच एक आखूड पूल बांधून वाहतूक तिकडे वळविण्यात आली. पुरात पिळवटलेल्या लोखंडी तुळया आजही रस्त्याकडेला जपून ठेवल्या आहेत. प्रवासी तेथे थांबतात, त्यांना हात लावून पाहतात.

वर ग्रिम्सफ्यालवर जूनमध्ये रात्र पुरती होतच नाही. फिक्या उजेडात सदस्य हिमात छिद्रे पाडून यंदाच्या हिवाळ्याची भर किती झाली ते मोजतात आणि आकडे वहीत उतरवतात. सरोवरावरील बर्फाच्या झाकणावर एक उपकरण ठेवलेले असते. ते झाकण किती वर आले, हे दूरवर बसलेल्या शास्त्रज्ञांना कळवीत राहते.