शेजारी उभे, पण एकमेकांना मुके

आपल्या सीमाभागातल्या घरात सासू मराठीत विचारते, सून कन्नडमध्ये उत्तर देते आणि कुणाचे काही अडत नाही. एकाच आगीवर धावलेल्या दोन दलांच्या वायरलेस संचांना मात्र ही सोय नसते. वारंवारिता वेगळी असली की लष्कराचा जवान आणि गावचा अग्निशमन जवान शेजारी उभे राहूनही एकमेकांना मुके!

अमेरिकेतील वॉशिंग्टन परिसराला हा धडा महागात मिळाला. 13 जानेवारी 1982 रोजी एअर फ्लोरिडाचे विमान पुलाला धडकून गोठलेल्या पोटोमॅक नदीत कोसळले आणि 78 जण दगावले. धावून आलेल्या यंत्रणांना आपसात बोलता येईना. त्यानंतर तेथील दलांनी परस्पर मदत आणि सामायिक संपर्क यांची घडी बसवली.

तिचा कस 11 सप्टेंबर 2001 रोजी लागला. पेंटॅगॉन हे संरक्षण खात्याचे मुख्यालय, पण ते आर्लिंग्टन काउंटीत येते. त्यामुळे तिथे मदतकार्याची सूत्रे नागरी अग्निशमन दलाकडे होती. शेजारच्या दलांचा संवाद सुरुवातीला बरा चालला. बाहेरच्या यंत्रणा येत गेल्या तशी अडचण वाढली. त्याच सकाळी न्यूयॉर्कमध्ये पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून दिलेला धोक्याचा इशारा टॉवरमधील अनेक अग्निशमन जवानांपर्यंत पोहोचला नाही. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचे 343 जवान गेले. सारा दोष वायरलेसचा नव्हता, पण तो थोडाथोडकाही नव्हता.

अडचण कोठे येते? अमेरिकेत लष्करी तळांचे संच बहुधा 380 ते 400 मेगाहर्ट्झवर, तर अनेक शहरांचे 700-800 मेगाहर्ट्झवर चालतात. शिवाय लष्करी संभाषणाला सांकेतिक कुलूप असते. यावर 'प्रोजेक्ट 25' या समान मानकाचे काम 1989 मध्ये सुरू झाले. दुसरा उपाय 'गेटवे' यंत्राचा. ते एका प्रणालीतला आवाज दुसरीत पोचवते. आपला दुभाषाच म्हणा ना! तिसरा उपाय बिनखर्चाचा, साध्या भाषेचा. आकडी संकेतांचे अर्थ दलागणिक बदलत. म्हणून अनेक यंत्रणा एकत्र येतात तेथे 2006 पासून सरळ बोलण्याचा आग्रह धरण्यात आला.

हे सारे आपल्यालाही लागू आहे. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, सांबऱ्याला हवाई दलाचा तळ आहे. ऑगस्ट 2019 च्या महापुरात लष्कर, एनडीआरएफ आणि स्थानिक प्रशासन जिल्ह्यात एकाच वेळी कामाला लागले होते. अशा वेळी लष्कराने आपली गुपिते उघडी करावीत, असे कुणी म्हणणार नाही. एक सामायिक वाहिनी, दोन्हीकडचा एकेक जबाबदार अधिकारी आणि पावसाळ्याआधी एक तालीम, एवढे पुरे. त्या तालमीत मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारा माणूस मात्र हवा. पुराने वेढलेल्या वाडीतून येणारी हाक कोणत्या भाषेत असेल, हे आधी कसे सांगणार?