कागदी गिटारीची साक्ष

चित्रपटसंगीतामुळे गिटार हे नाव आपल्याकडे घरोघरी पोहोचले आहे. गोव्यातील घरगुती समारंभांतून तर तिचा सूर फार पूर्वीपासून परिचित आहे. परंतु पाश्चात्य अभिजात संगीतात जिला मानाचे स्थान आहे, ती गिटार थोडी निराळी. तिला धातूच्या तारांऐवजी नायलॉनच्या तारा असतात, त्या बोटांनी व नखांनी छेडतात, आणि एकच वादक त्याच वेळी सूरावली व तिची साथ अशा दोन्ही बाजू सांभाळतो. या वाद्याला मैफलीत बसण्याचा मान मिळावयास जवळजवळ चार शतके लागली.

सोळाव्या शतकातील स्पेनमध्ये दरबारी मान होता तो विहुएला नावाच्या वाद्याला. त्याला तारांच्या सहा जोड्या असत. लुइस दे मिलान याचा या वाद्यावरील ग्रंथ १५३६ साली व्हालेन्सिया येथे छापला गेला. गिटार ही त्याची धाकटी बहीण. तिला चारच जोड्या. तरीही १५४६ साली सेव्हिल येथे प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात आलोन्सो मुदार्रा याने तिच्यासाठी काही रचना दिल्या आहेत. पुढे पाचवी जोडी आली. गास्पार सान्स याने १६७४ साली सारागोसा येथे प्रसिद्ध केलेला शिक्षणग्रंथ हा या पाच जोड्यांच्या गिटारीचाच. अठराव्या शतकाच्या अखेरीस जोड्या जाऊन सहा एकेरी तारा आल्या, आणि आजच्या गिटारीचा सांगाडा सिद्ध झाला.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बार्सेलोनाचा फेर्नान्दो सोर आणि इटलीचा माऊरो ज्युलियानी यांनी पॅरिस व व्हिएन्ना गाजविले. परंतु सभागृहे मोठी होत गेली, पियानोचा आवाज घुमू लागला, आणि गिटारीचा मृदू स्वर मागच्या रांगांपर्यंत पोहोचेना. तिची गणना पुन्हा दिवाणखान्यातील करमणुकीत होऊ लागली.

या अडचणीतून मार्ग काढला तो एका सुताराने. आन्तोनिओ दे तोर्रेस याचा जन्म १८१७ साली आल्मेरिया शहराजवळ झाला. सतारीच्या तबलीचे महत्त्व जाणणाऱ्या वाचकांना त्याचा विचार चटकन उमगेल. त्याचे मत असे, की गिटारीचा आवाज मुख्यतः वरच्या फळीतून येतो. बाजू व पाठ यांचे काम दुय्यम. म्हणून त्याने वाद्याचे अंग मोठे केले, वरची फळी पातळ व हलकी ठेवली, आणि तिला आतून पंख्याच्या काड्यांप्रमाणे पसरलेल्या पट्ट्यांचा आधार दिला. असे पंखे पूर्वीही कोणी कोणी बसवीत. परंतु त्यांचे प्रमाण नेमके साधले ते तोर्रेसने. तारेची सुमारे ६५ सेंटिमीटर ही लांबीही त्याच्यामुळेच रूढ झाली.

आपले म्हणणे सिद्ध करण्यासाठी १८६२ साली त्याने एक विलक्षण गिटार घडविली. वरची फळी नेहमीप्रमाणे लाकडाची. बाजू व पाठ मात्र कागदाच्या लगद्याच्या! हे वाद्य आजही बार्सेलोनाच्या संगीत-संग्रहालयात जपून ठेवलेले आहे. परंतु कीर्तीने पोट भरत नाही. १८७० च्या सुमारास तोर्रेस सेव्हिलमधील कारखाना बंद करून आल्मेरियास परतला आणि चिनी मातीच्या भांड्यांचे दुकान चालवू लागला. काही वर्षांनी त्याने हत्यारे पुन्हा हाती घेतली, ती १८९२ साली मृत्यू येईपर्यंत.

त्याच्या गिटारीला बोलते केले फ्रान्सिस्को तार्रेगा याने. त्याने वादनाची नवी शिस्त घालून दिली आणि बाख, शोपँ यांच्या रचना सहा तारांवर उतरविल्या. त्यानंतर आला आन्द्रेस सेगोव्हिया. १८९३ साली लिनारेस येथे जन्मलेला हा वादक बहुतांशी स्वतःच शिकला. गिटार हे गंभीर वाद्यच नव्हे, असे मानणाऱ्यांना त्याने १९२४ साली पॅरिसमध्ये आपल्या वादनाने उत्तर दिले. स्वतः गिटार न वाजविणाऱ्या संगीतकारांकडूनही त्याने नव्या रचना करवून घेतल्या.

एक अडचण उरली होती, ती तारांची. बारीक तारा आतड्याच्या तातीच्या. त्या हवेप्रमाणे ढिल्या होत आणि अवचित तुटत. दुसऱ्या महायुद्धात ही तात शस्त्रक्रियेतील टाक्यांसाठी लागू लागली आणि वादकांना मिळेनाशी झाली. जखमी सैनिकापुढे वादकाने हट्ट तो कसा धरावा? न्यूयॉर्कचे वाद्य-कारागीर आल्बर्ट ऑगस्टिन यांनी नायलॉनच्या धाग्याचे प्रयोग केले, सेगोव्हियाने ते उचलून धरले, आणि टंचाईतून निघालेली ही तोड कायमची ठरली.

बालपणीच दृष्टी गमावलेल्या होआकीन रोद्रिगो यांनी १९३९ साली ‘आरान्हुएथ’ची रचना केली. १९४० साली बार्सेलोनात ती प्रथम सादर झाली, तेव्हा एकटी गिटार संपूर्ण वाद्यवृंदासमोर बसली होती. वाद्यवृंदाशी तिने आवाजात स्पर्धा केली नाही. रोद्रिगो यांनी रचनाच अशी केली होती, की गिटार बोलू लागली म्हणजे इतर वाद्यांनी आवाज आवरावा. पातळ फळीवर विश्वास ठेवणाऱ्या त्या भांडी विकणाऱ्या कारागिराला याहून मोठी पावती कोणती हवी होती?