एका गुणाने हरलेला कोरिया

4 ऑक्टोबर 2023. चीनमधल्या हांगझाऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत कंपाउंड तिरंदाजीच्या मिश्र सांघिक गटाचा अंतिम सामना होता. समोर दक्षिण कोरियाची सो चे-वन आणि जू जे-हून ही जोडी. भारताकडून विजयवाड्याची ज्योती सुरेखा वेन्नम आणि नागपूरचा ओजस देवतळे. सोळा बाण, 160 गुण. भारताने 159 मिळवले, कोरियाने 158. दुसऱ्याच दिवशी पुरुष संघाच्या अंतिम सामन्यात अभिषेक वर्मा, ओजस आणि बुलढाण्याचा प्रथमेश जावकर यांनी पुन्हा कोरियालाच 235-230 असं हरवलं. वैयक्तिक सुवर्णही ओजसनेच घेतलं.

नागपूर म्हणजे आपल्या भंडाऱ्याहून जेमतेम साठ-पासष्ट किलोमीटर. तिथला मुलगा तिरंदाजीत कोरियाला नमवतो, याचा अर्थ नीट कळायचा असेल तर आधी कोरिया समजून घ्यायला हवा.

ऑलिम्पिकची तिरंदाजी आजवर रिकर्व्ह धनुष्याची राहिली आहे. अंतर 70 मीटर, आणि दहा गुणांचं वर्तुळ फक्त 12.2 सेंटिमीटर व्यासाचं. या खेळात कोरियाच्या महिला संघाने 1988 च्या सोलपासून 2024 च्या पॅरिसपर्यंत सलग दहा सांघिक सुवर्णपदकं जिंकली. पॅरिसमध्ये तर तिरंदाजीची पाचही सुवर्णं कोरियाने नेली. भारताला ऑलिम्पिक तिरंदाजीत अजून एकही पदक मिळालेलं नाही.

या यशामागे खेळाडूंइतकंच एक उद्योजक घराणंही उभं आहे. ह्युंदाईचे संस्थापक चुंग जू-युंग हे सोलला ऑलिम्पिक मिळावं म्हणून झटणाऱ्या समितीचे प्रमुख होते. 1981 मध्ये बाडेन-बाडेनच्या मतदानात सोलने जपानच्या नागोयाला हरवलं. त्यांचे पुत्र चुंग मोंग-कू 1985 मध्ये कोरियाच्या तिरंदाजी संघटनेचे अध्यक्ष झाले आणि 2005 पासून नातू चुंग उई-सन ती धुरा सांभाळत आहेत. मोटार उद्योगातल्या कामगिरीसाठी अमेरिकेतल्या ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेममध्ये निवड झालेले मोंग-कू हे पहिले कोरियन. उई-सन यांना ब्रिटनचा मानद सीबीई किताब मिळाला. आपल्याकडे तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना विकत घेतला, तो याच घराण्याच्या कंपनीने.

पण या मानसन्मानांपेक्षा मोलाची आहे ती चाळीस वर्षांची चिकाटी. एखाद्या पदकविजेत्याला गाडी भेट देऊन फोटो काढणं कोणत्याही कंपनीला जमतं. वर्षानुवर्षं सरावाची साधनं, तंत्रज्ञान, प्रशिक्षक आणि स्पर्धा यांना पैसा पुरवत राहणं फार थोड्यांना जमतं. आणि एवढा पैसा ओतूनही संघनिवडीत कुणाची गय होत नाही. टोकियो ऑलिम्पिकमध्ये तीन सुवर्णं जिंकलेली आन सान पॅरिसच्या संघात येऊ शकली नाही, कारण चाचणीत जुन्या पदकांना वजन नसतं. हे तर पैशाहूनही कठीण.

आता आपल्या बाजूचं चित्र. कंपाउंड धनुष्याच्या टोकांना कप्प्या असतात, अंतर 50 मीटर, आणि दहाचं वर्तुळ आठच सेंटिमीटरचं. ऑगस्ट 2023 मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत एकवीस वर्षांच्या ओजसने अंतिम सामन्यात पंधरापैकी पंधराही बाण तिथेच मारले. 150 पैकी 150! वैयक्तिक जगज्जेता ठरलेला तो पहिला भारतीय पुरुष तिरंदाज. त्याच दिवशी साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी महिलांमध्ये जगज्जेती झाली. दोघंही साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्याकडे शिकलेले. दोघांनाही 2023 चा अर्जुन पुरस्कार मिळाला. महिनाभर आधीच साताऱ्याच्या पार्थ साळुंखेने आयर्लंडमधल्या युवा जागतिक स्पर्धेत, तेही रिकर्व्हमध्ये, अंतिम फेरीत कोरियाच्याच खेळाडूला हरवलं होतं. अदितीचे वडील शिक्षक, पार्थचेही शिक्षक. घरच्या पगारातून आणि एका प्रशिक्षकाच्या जिद्दीतून हे घडलं.

खरं तेही सांगायला हवं. कंपाउंड ऑलिम्पिकमध्ये नव्हतं, म्हणून कोरियाने आपली मुख्य ताकद रिकर्व्हवर लावली होती. आता 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार येतो आहे, म्हणजे ओजस आणि ज्योती यांनी ज्यात कोरियाला एका गुणाने हरवलं तोच. कोरिया स्वस्थ बसणार नाही. तो एक गुण टिकवणं यापुढे केवळ आईवडिलांच्या खिशावर सोडून चालणार नाही, कारण चांगल्या कंपाउंड धनुष्याचा सगळा संच लाखांच्या घरात जातो.

भंडारा जिल्ह्यात उद्योग नाहीत असं कुणी म्हणू नये. वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे, गडेगावला अशोक लेलँड, तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मॉईलच्या मँगनीज खाणी. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे असतात, आणि त्या कामांच्या यादीत ग्रामीण आणि ऑलिम्पिक खेळांचं प्रशिक्षण स्पष्ट शब्दांत नोंदलेलं आहे. शंभर मीटर लांबीचं एक सुरक्षित मैदान, एक पगारी प्रशिक्षक आणि शाळांना सरावासाठी देता येतील अशी दहा-वीस धनुष्यं, सुरुवातीला एवढं पुरे. जिल्ह्यातल्या एखाद्या उद्योगाने हे काम निदान दहा वर्षांसाठी पत्करावं. पहिल्या दोन-तीन वर्षांत पदक आलं नाही म्हणून सोडू मात्र नये.